पाट्याचा काना

– नाही हो ताई, ही गाडी बिघडलेली नाही, चांगली धडधाकट आहे, उगाच पोटाखालचं सगळं सोडून ठेवलंय. तुमच्या मालकांच्या टेम्पोचा निदान क्लच तरी गेलाय, आमच्या पिकअपचं काहीच गेलेलं नाही. बसा की नीट, बाकडं पुरतं दोघींना. शेठ म्हणाले चहा पाठवतो – उल्हासनगरात गॅरेजवाल्यानं आपणहून चहा पाजला की समजायचं, काम लवकर होत नाही. आमची म्हणजे – आमची नाही हो ती, हरिचंद्रची आहे. ते बघा, गाडीखालनं दोन पाय बाहेर आलेत ना, एकात मोजा आहे आणि एकात नाही, तो हरिचंद्र. मेस्तरी जेवायला गेला तर हा स्वतःच घुसलाय खाली हातोडा घेऊन. एवढ्या ठोकाठोकीत त्याला काही ऐकू जायचं नाही, तुम्ही बिनघोर बोला. म्हणजे मीच बोलतेय म्हणा.

मी विठा, चामटोलीची. पोल्ट्री आहे माझी. आमचे हे काविळीनं गेले तेव्हा मामंजी – म्हणजे सासरे हो – म्हणाले, माहेरी जायचं तर जा, राहायचं तर लेकीसारखी राहा. राहिले. माळावर शेड टाकली, कोंबड्या घेतल्या, अंडी इथल्या बेकऱ्यांना. पण माळावरनं खाली यायला रस्ता कसला – दगड, मग ओढा, मग आणखी मोठे दगड. टेम्पोवाले लांबनंच हात जोडायचे. आणि हा बदलापूरचा हरिचंद्र, नव्वद साली मिलिटरीच्या लिलावात ही जीप घेतली, मागचं कापून पिकअप केली, चारही चाकांना जोर आहे हो, ही बया कुठंही चढते. पण आपटते किती – माळावर आम्ही अंडी भरायचो आणि ओढ्यापलीकडं आम्लेट उतरवायचो. बेकरीवाला म्हणायचा, बाई, तव्यासकटच आणत जा.

तर मागं एकदा हा म्हणाला, पाटे बदलून टाकतो. मला वाटलं पाटा-वरवंट्यातला पाटा, मी म्हटलं गाडीत काय चटणी वाटणार आहात? इतका हसला, इतका हसला, स्टेअरिंग सोडून हसला. मग सांगितलं – गाडीच्या पोटाखाली लोखंडी पट्ट्या असतात, एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकलेल्या, सगळी गाडी त्यांच्यावर बसते, ते पाटे. हिचे आहेत जाडजूड, ओझ्याचे, ते काढायचे आणि लांब, पातळ पाटे घालायचे, जोडीला नवे शॉकअप. मग चाक दगडावर चढलं तरी वरचं माणूस जागचं हलत नाही म्हणे. माणूस म्हणाला हं तो. अंडं नाही म्हणाला. आणि मला सांगा, अंड्यांसाठी पाटे बदलायचे ते समजू शकते, पण ड्रायव्हरशेजारच्या शिटाला नवी गादी कशाला घातली असेल? अंडी काय पुढं बसतात? मी विचारलं तर म्हणाला, जुनी उंदरांनी खाल्ली. उंदरांनी फक्त माझ्या बाजूचीच खाल्ली. असू दे, आपल्याला काय करायचंय.

तर खरी गंमत पुढंच आहे. परवा हा घरी आला, ओटीवर मामंजींच्या समोर बसला, मांडीवर हात ठेवून, शाळेत बसतात तसा. मी आत भाकऱ्या थापतेय, थापटण्याच्या आवाजात अर्धं ऐकू येतंय. तर हा म्हणतो, काका, तुमची परवानगी असेल तर पाटा लावावा म्हणतो. आता परवानगी कशाला? तर गाडी इकडं गॅरेजात राहणार, आमची अंडी खोळंबणार, म्हणून विचारलं असेल – माणूस रीतीचा आहे. पाटे म्हणायचं तर एकच पाटा का म्हणाला? घाईत म्हणाला असेल. पण मामंजींनी काय ऐकलं? पाट. पाट लावावा म्हणतो. तुमच्यात काय म्हणतात ठाऊक नाही, आमच्यात विधवा बाईचं दुसऱ्यांदा लग्न लावतात ना, त्याला पाट म्हणतात. ध चा मा झाला तो असा.

मामंजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "विठा आता माझी लेक आहे. तिच्या मनात असेल तर माझी ना नाही." आणि ताई, ह्यानं काय करावं? अहो काका, मी गाडीचं बोलतोय, एवढं म्हणायला काय जातंय? ते नाही. कानापर्यंत लाल झाला, बरं म्हणाला, आणि चपला विसरून तसाच अनवाणी गेला. सासूबाई तर पदरात तोंड घालून हसत बसल्या, की अहो, तो गाडीच्या पाट्याचं विचारत होता आणि तुम्ही सून देऊन बसलात. मामंजी अजून अडून बसलेत – मी पाटच ऐकलं. एका कानानं कमी ऐकू येतं त्यांना, पण कबूल करतील तर शपथ. मला पाटा ऐकू आलं, सासूबाईंना पाटा ऐकू आलं, त्यांना एकट्यांनाच पाट.

मी पण हसले हो. खूप हसले. आणि मग रात्रभर तळमळत पडले. हसू नका ताई. मामंजी म्हणालेत, आज घरी आलीस की हो-नाही सांग, म्हणजे उद्या भावकीला बोलवायला बरं. आता मी हो म्हटलं, आणि ह्यानं नुसता भिडेखातर बरं म्हटलेलं असलं, तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही – बाई लोखंडाच्या पट्टीवर भाळली म्हणतील. आणि नाही म्हणू? कशी म्हणू? मला पाहिजे आहे. घ्या, बोलून गेले. त्याचा हॉर्न ओढ्यापाशी वाजला की माझ्या कोंबड्यासुद्धा माझ्याकडं बघतात. चांगला आहे हो, दारू नाही, तंबाखू नाही, हिशोबाला भोळा, गाडीशी एकटाच बोलतो. माझ्याशी बोलायचं म्हटलं की नुसतं वैनी, वैनी. त्याच्या मनात आहे की नाही, एवढंच कळायला हवं, आणि बाई असून विचारायचं कोणत्या तोंडानं? आज अंडी आणलेलीच नाहीत मी. एक ट्रेसुद्धा नाही. नवे पाटे बघते म्हणून गाडीत बसले, मला काय कळतंय पाट्यातलं.

काय झालं? तिकडं काय बघताय? – अगं बाई. ठोकणं थांबलंय. कधी थांबलं? – गादीचं सांगत होते तेव्हाच? आणि तुम्ही सांगायचं नाही मला?

– अहो, ऐकताय का? – काय? नीट बोला, गाडीखालनं कळत नाही. – पाटा नाही? मग काय म्हणालात तुम्ही तेव्हा? – पाट? पाटच? – मामंजींनी बरोबर ऐकलं? अहो मग त्याला काना कुणी लावला? – मी?

– जा हो ताई तुम्ही. तुमचे मालक बोलावतायत. नसले बोलावत तरी जा.