टेकडीवरचा हॅटवाला

टेंभुर्णीच्या स्टँडवर मस्तगडचा अमरचंद जालन्याच्या बसची वाट पाहत बसला होता. मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

"मालनबाई, आज टेकडीवर कुणी हॅटवाला चढल्ता म्हणे."

"लांबून म्याबी पाह्यला, पुंजारामभाऊ. वर ना देव, ना झरा. मंग चढला कशाला?"

"गुरं चारणाऱ्या कडूबानं खालून हाक मारून इचारलं, तर म्हणला, सहज आलो."

"सहज? सहज कुणी एवढा घाम गाळतं का?"

"माथ्यावर घंटाभर नुसता चहूकडं पाहत बसल्ता."

"खुणा पाहत असंल. पितरपाट चालू हाय, अमावस्या परवावर आली. गुप्तधनवाले हेच दिवस धरतेत."

"बिलकुल! दिवसा जागा हेरायची अन् अमावस्येला खणायचं."

अमरचंदनं मांडीवरची हॅट हळूच पिशवीत कोंबली. तेवढ्यात मालनबाई उठून समोर आली.

"शेटजी, धोतराला कुसळं लई लागलीत. कुठं गेल्ते?"

"लग्नाला आल्तो," तो घाईघाईनं बोलून गेला.

"पितरपाटात?"

अमरचंदनं पिशवी छातीशी धरली.

"पुंजारामभाऊ," मालनबाई नजर न हलवता म्हणाली, "जरा इकडं या बरं. शेटजींच्या पिशवीत काय हाय, पाहू."