पखवाजाची कणीक

साहेब, तुम्ही आमच्या वेशीवर 'शांत गाव' अशी पाटी ठोकलीत आणि गाव मुकं केलंत! समोर बसला असाल तर ऐका, नसाल तर कुणीतरी जाऊन सांगा. मी भीत नाही. माझ्याकडून काढून घ्यायला आहे काय? हे उपरणं, की हातातला हा टाळ?

मंडळी, ऐका. प्रश्न एवढाच — गप्प बसला तो शांत झाला का? आपल्याकडे तर मेलेल्याला 'शांत झाला' म्हणतात!

आमच्या गावात केरबा आणि भगवंता, सख्खे भाऊ. बांधाला बांध, म्हणजे भांडण रोजचं. आणि काय भांडायचे! गुरं चरायची थांबायची. एकमेकांची आई काढायचे — अरे, आई एकच की! ती म्हातारी ओट्यावर बसून हसायची. पण एकादशीला देवळात केरबाचा पखवाज. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तो घुमतो. ती कणीक भगवंताच्या घरची. दिवसभर शिव्या, आणि सांजेला गोळा घेऊन हजर. "घे, थाप. तुझ्या थोबाडाला लावणार होतो." मग जे भजन रंगायचं — गेले ते दिवस, मंडळी.

म्हातारी गेली. पुढं भगवंतानं बांधावरचा आंबा तोडला. तिनं लावलेला! भांडण हातघाईवर आलं, आणि साहेब, तुम्ही आलात. 'तोंड उघडणार नाही' म्हणून दोघांच्या सह्या घेतल्यात, गळ्यात गळे घालायला लावून फोटो काढलात, पाटी ठोकून निघून गेलात.

त्यांनी शब्द पाळला हो! भांडण बंद. बोलणं बंद. कणीकही बंद. दुसऱ्या घरची आली, तर केरबा हात लावीना. कोरडाच वाजवायचा — टण, टण — रिकाम्या डब्यासारखा.

अशीच एक एकादशी. अभंग चालू असताना त्याचा हात थांबला. सगळ्या देवळासमोर म्हणाला, "भगवंता, लेका, आईचा आंबा का रं तोडलास?"

टाळ थांबले. भगवंता खांबाआडून म्हणाला, "आतून पोखरला होता, दादा. तुझ्या गोठ्यावर पडला असता."

"मग सांगायचंस की."

"सांगणार होतो. सही करून बसलो ना."

आणि उठून चालता झाला. लोकांना वाटलं, आता कुऱ्हाड आणतो. आणली काय? कणीक!

केरबानं अंगठ्यानं दाबून पाहिली. "पाणी जास्त झालंय."

"वर्षभर मळली नाही, दादा. हात विसरला."

मंडळी, त्या सांजेला पखवाज जो घुमला, तो माझ्या छातीत अजून आहे. आणि साहेब, आठवड्यात तुमचा शिपाई त्या दोघांच्या दारात — देवळात आरडाओरडा झाला, शांतता भंगली, चौकशीला या!

आज ते दोघंही खरोखरचे शांत झालेत. पाटी तेवढी चकाकतेय. मंडळी, हसू नका. तुमच्याही घरात कुणीतरी वर्षभर भांडलेलं नाही. कोण ते, तुम्हाला ठाऊक आहे. आज घरी जाऊन त्याला एक शिवी तरी द्या!

आणि साहेब, तुम्ही सांगा. त्या सांजेला आमच्या देवळात शांती भंगली, की आली? उत्तर द्या. तोवर हा टाळ मी खाली ठेवतो.