गरोदर आधी, साप नंतर

१९ जुलै, सकाळपासून झड, दुपारून थोडं ऊन — हे मीच लिहिलं आहे मॅडम, प्रोग्रामच्या वरच्या कोपऱ्यात रोजची तारीख अन् हवा टाकतो, सवय आहे — तर तुम्ही नागपूरहून प्रोग्राम तपासायला आले अन् विचारून राहिले, जर, नाहीतर जर, नाहीतर जर, एवढी रांग काऊन? प्रोग्रामच्या या भाषेत स्विच नाही ना, एकदाच विचारून थेट हव्या त्या ओळीवर नेणारा. जुना कॉम्प्युटर, जुनी आवृत्ती, अन् मी घरीच शिकलेला. गावची दवाखान्याची गाडी एकच. फोन आला की फोनवर बसणारी दुर्पता इथं खुणा करते — ताप, मार, साप, गरोदर — अन् कॉम्प्युटर सांगतो गाडी कुठं न्यायची. वरून एकेक पाहत येतो, पहिली खूण जुळली की तिथंच थांबतो, खालचं पाहतच नाही. ठाऊक होतं मला. मला ठाऊक नसेल तर कोणाला?

गरोदर पहिली कोणी ठेवली? गावच्या आरोग्य समितीनं. म्हणजे — समितीत मीच बोललो. माझी पोरगी रंजिता, कळा सुरू झालेल्या, सालेकश्याच्या रस्त्यावर, गाडीची वाट पाहत... जाऊ द्या. तिची ओळ सगळ्यांच्या वर राहील, म्हटलं. तेव्हा माझ्यासमोर कोण बोलते?

समीक्षा देवीदासभाऊंची सून. आठवा महिना, तरी धानाच्या रोवणीत — आमच्याकडे उतरतात बायका, नागपुरात नाही समजत ते. मागच्या आठवड्यात बांधीतच, धानाच्या चिखलात, साप चावला तिला. दुर्पतानं दोन्ही खुणा केल्या, बरोबर केल्या. गाडी गेली जवळच्या बाळंतपणाच्या केंद्रात. सापाचं इंजेक्शन गोंदियाला. तिथून परत फिरवली, तर रस्त्यातच समीक्षा गेली, पोटातलं पोरही गेलं. बकाराम ड्रायव्हर म्हणतो, स्क्रीनवर आलं तिकडे नेलं. त्याचं काय चुकलं? देवीदासभाऊ अजून जयभीम घालतात मला. शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

नाही, कीबोर्डवरून हात काढा. ओळी हलवायच्या नाहीत, म्हणून राहिलो ना — ती माझ्या पोरीची जागा आहे, दुसरं काय ठेवलं मी तिचं? — हो, रोवणी सुरूच आहे. दिसते मला खिडकीतून. वाकलेल्या आहेत सगळ्या. त्यात चैतरामची बायको, तिलाही सातवा आहे —

घ्या. साप वर घ्या. पुसू नका तिची ओळ, नुसती खाली सरकवा. आता दोन्ही खुणा करून चालवा.

काय आलं?

गोंदिया.

या तुम्ही आता.