खोक्याची मागची बाजू

(औषधांच्या ठोक विक्रेत्याचं गोदाम. रुग्णालयाचं औषधभांडार सांभाळणारी वहिनी तिच्या धाकट्या दिराकडे आली आहे.)

वहिनी : पहिल्या कंपनीचा माल नाही, हे कळलं, भावजी. मग दुसरीचा द्या.

भावजी : तिचाही नाही.

वहिनी : तिसरीचा? एवढ्यासाठीच तर तिघींकडून घेते मी. एकीनं हात वर केले तर अडायला नको.

भावजी : बसा आधी. ही तीन रिकामी खोकी. पुढची मोठी नावं सोडा, मागचं बारीक वाचा.

वहिनी : कारखान्याचा पत्ता... यावरही तोच.

भावजी : तिन्हींवर. पाट तीन मांडलेत, चूल एकच. आणि त्या कारखान्यालाच आग लागलीय.

वहिनी : मी मुदत तेवढी बघते. मागची बाजू कधी वाचलीच नाही.

भावजी : मी तरी कुठं वाचली? खोकी वाहून वाहून कंबर गेली फक्त.

वहिनी : दुसरा कारखाना?

भावजी : एक आहे, तयारही आहे. पण ही गोळी तिथं कधी बनली नाही. तपासण्या, परवानग्या... वर्ष जाईल. तोवर आईचं काय?

वहिनी : आईंसारखे बरेच आहेत. किडनी बसवलेले.

भावजी : असतील. मला आई एकच आहे. दादानं स्वतःची किडनी दिलीय तिला. गोळी चुकली की शरीर ती परकी समजून मारायला उठतं, हे तुम्हीच समजावलं होतंत.

वहिनी : हो.

भावजी : तुमच्याकडे शिल्लक किती?

वहिनी : सगळ्यांना वाटल्या तर पंधरवडाभर. मग डॉक्टर दुसरं औषध देऊन बघणार. काहींना सोसतं ते.

भावजी : आईला सोसलं नव्हतं.

वहिनी : माहीत आहे. उशाशी मीच होते.

भावजी : मग चार पट्ट्या बाजूला ठेवा की. कपाट तुमचं, किल्ली तुमची. कोण विचारतंय?

वहिनी : कोणीच नाही.

भावजी : मग अडलंय कुठं?

वहिनी : पहिलीचा माल नाही कळताच, इकडे यायच्या आधी किल्ली मोठ्या डॉक्टरांकडे देऊन आले.

भावजी : शाबास. सून म्हणून आणली होती तुम्हाला, पहारेकरी म्हणून नाही. का दिलीत?

वहिनी : नसती दिली, तर आत्ता पट्ट्या माझ्या पर्समध्ये असत्या.