चिंचेनं न घासलेलं नाणं

जव्हारच्या एसटी डेपोत मोखाड्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या गोकुळ गुरुजींचे कान शेजारी जुनी नाणी मांडून बसलेल्या सादिककडे लागले. समोर एक शाळकरी मुलगी उकिडवी बसली होती.

“चाचा, हे जर्मनीचं केवढ्याला?”

“पाचशे, बेटा. महायुद्धातलं आहे.”

“तांबं लढाईला लागलं, म्हणून ही जस्ताची ढिगानं पाडली होती. माझ्याकडे शंभरच रुपये आहेत.”

“पण चमक तर बघ! सकाळीच चिंचेनं घासलंय.”

“अरे देवा! घासलं की जुनी झाक जाते, मग त्याचं मोल गेलं, चाचा. तीससुद्धा जास्त.”

“अन् हे त्यातलंच दुसरं, काळपट? खिशातच होतं, घासायचं राहून गेलं.”

“ह्याचे शंभर घ्या.”

“घे. पक्की आहेस!”

“चाचा, लढाईच्या वेळी हे कुणाच्या खिशात असेल?”

“असेल तुझ्यासारख्याच एखाद्या पोरीच्या. खाऊला दिलेलं.”

मुलीने मूठ मिटली. गुरुजींची गाडी केव्हाच सुटली होती.