रऊफभाई आणि दोन कार्डांमधली पट्टी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, तंत्रनिकेतनाचे प्राचार्य भगवंतराव गावंडे सर. व्यासपीठावर अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती, प्रयोगशाळा सहायक रऊफभाई. समोर बसलेल्या सुलतानबी भाभी, सहकारी आणि विद्यार्थीमित्रांनो,

विभागप्रमुख म्हणून मी चार गोड शब्द बोलावेत, असं सरांनी आत्ताच सुचवलं. प्रयत्न करते.

गेल्या वर्षी इंझोरीच्या निकिताने सोयाबीनच्या मळणीयंत्रावर प्रकल्प घेतला. यंत्र हादरतं, ते पुढच्या बेअरिंगमुळे की मागच्या? तिने दोन्ही टोकांना सेन्सर लावले. पुढचे संगणकातल्या, सेन्सरचे आकडे टिपणाऱ्या एका डेटा कार्डाला, मागचे दुसऱ्याला. धक्का जिथे आधी उमटेल, तिथे बिघाड. पण सुरुवातीला पुढचं टोक आधी दिसायचं, तासाभराने मागचं. मी काय केलं? "आकडे मनाने लिहिलेले आहेत," असा शेरा मारून तिला नापास केलं.

दुसऱ्या दिवशी रऊफभाई तिचे कागद घेऊन माझ्यासमोर उभे. म्हणाले, "मॅडम, पोरीनं मनानं लिहिलं असतं, तर फरक दर मिनिटाले असा सारखाच वाढला असता काय? दोन्ही कार्डं आपापल्या घड्याळानं चालून राह्यले. एकाचं घड्याळ दुसऱ्याले द्या. सुरू व्हायचा इशाराबी दोघाले एकच द्या."

"मग देत का नाही?"

"जोडायची पट्टी कपाटात हाय. तीन वर्षं झाले, मागून राह्यलो."

वीतभर केबल, मंडळी. कपाट सीलबंद, कारण भांडारपालांची बदली झाली आणि यादी तपासायची राहिली. रऊफभाईंच्या पहिल्या अर्जावर शेरा, "पट्टी म्हणजे काय, स्पष्ट करावे." दुसऱ्यावर, "कार्डे चालू आहेत ना?" तिसऱ्यावर, "तूर्त आवश्यकता नाही." त्याखालची सही माझी आहे. अर्ज मी वाचलाही नव्हता.

त्याच दुपारी रऊफभाईंनी सील तोडलं. पट्टी बसवली, पहिल्या कार्डाचं घड्याळ दुसऱ्याला लावून दिलं. निकिताने दहा चाचण्या घेतल्या. दहाही वेळा धक्का मागच्या टोकाला आधी. बेअरिंग उघडलं, तर तडा गेलेला. निकिता पास झाली.

आणि रऊफभाईंना काय मिळालं? सील तोडल्याबद्दल मेमो. खुलाशात त्यांनी एकच ओळ लिहिली, "सील मीच तोडले." माझ्या सहीबद्दल अक्षर नाही. आणि मी गप्प बसले.

नंतर मेमो रद्द व्हावा म्हणून मी चार पत्रं दिली. चौथ्यावर कार्यालयाने विचारलं, "कोणता मेमो?" आता बोला.

म्हणून सर, माझा लेखी जबाब आज सभेसमोर आपल्या हाती देते. चूक विभागप्रमुखाची होती, रऊफभाईंची नाही.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सभेने पोटात घालावं. या कागदाची पोच मात्र मला आत्ताच हवी, सर. मी इथेच उभी आहे.