आईचं 'जेवलीस का'

...आणि वर साहेब मलाच म्हणतात, "सारखंच की!" तुम्हीच सांगा, गिऱ्हाईक स्क्रीनवर 'हो' लिहितंय, प्रोग्रॅमलाही 'हो'च हवाय, आणि तो मख्खपणे सांगतो, छे, हा तो 'हो' नव्हे! सकाळपासून तक्रारींचे फोन, आणि साहेबांचं पालुपद, "मी तपासलं तेव्हा चालत होतं." चालणारच ना! तपासताना त्यांनी दोन्ही 'हो' प्रोग्रॅमच्या आतच लिहिले होते. तसा आत लिहिलेला शब्द मशीन एकदाच साठवतं, दहा ठिकाणी लिहा, दहाही जागा त्याच एका प्रतीकडे बोट दाखवतात. गिऱ्हाइकाने टाइप केला की झाली नवी प्रत, निराळ्या जागी. आणि तुलनेसाठी साहेबांनी लिहिलेली ती दोन बरोबरची चिन्हं अक्षरं बघतच नाहीत हो... ती विचारतात, वस्तू तीच का? अक्षरं जुळवायची आज्ञाच वेगळी! एवढं घसा कोरडा करून समजावलं, तर चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, दिसायला तर सारखंच की!

दुरुस्त केलं मी. एका ओळीचं काम. तेवढ्यात बाबांचा फोन.

तुम्हाला सांगते, नोकरीसाठी घर सोडलं तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. बाबा रोज जेवणाच्या सुट्टीत निरोप्याचं काम करतात, "आई विचारतेय, जेवलीस का?" आता हे मला कोण विचारत नाही? घरमालकीण विचारते, शेजारच्या टेबलावरची विचारते, लिफ्टवालासुद्धा विचारतो! पण आईचं कसं... 'का' जरा लांबवते, उत्तर तिला आधीच ठाऊक असतं, आणि हातात ताट घेतलेलंच असतं. साहेबांना सकाळभर शिकवलं, अक्षरं जुळली की पुरे. आणि मला? मला तेच हवंय हो. तेच, तिथलंच.

म्हटलं, बाबा, तिला द्या फोन. तिलाच विचारू दे.

"अगं, मी विचारलं काय, तिने विचारलं काय, सारखंच की!"

वडीलधाऱ्यांना हे कुठल्या शाळेत शिकवतात? म्हटलं, नाही सारखं. द्या. मग खुडबुड, कुजबुज, भांड्यांचा आवाज... फोन तिच्यासमोर धरला असणार, कारण श्वास ऐकू येत होता. तिचाच. मी खुर्चीत ताठ बसले. आणि तोंड फिरवल्यासारखा लांबून आवाज आला, माझ्याशी नव्हे, बाबांशी:

"तिला म्हणावं, मी विचारलं असं समज."

समजले. डबा उघडला, जेवले. काय करणार... सारखंच की!